जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स चालवायचा कसा आणि जपायचा कसा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, १९४०-५० च्या दशकातल्या ट्रॅक्टरला सहसा सिंक्रो नसतो. कारमध्ये आपण चालता चालता दुसरा, तिसरा टाकतो ते त्या सिंक्रो रिंगच्या जिवावर, ती दोन्हीकडचा वेग जुळवून देते आणि मग गिअर पडतो. इथे वेग जुळवणारं कोणीच नाही. फार्मॉल एचसारख्या जुन्या मॉडेलमध्ये तर अख्खा गिअर शाफ्टवर सरकत जाऊन दुसऱ्याच्या दातात घुसतो, म्हणून ट्रॅक्टर पूर्ण उभा करायचा, क्लच तळापर्यंत दाबायचा, मनात तीन-चार आकडे मोजायचे आणि मगच दांडा हलवायचा. हे मोजणं महत्त्वाचं आहे हो, कारण क्लच दाबला तरी आतला शाफ्ट लगेच थांबत नाही, थोडा वेळ फिरतच राहतो, आणि घाई केली की जी खर्रर्र होते ना ती म्हणजे दातांच्या कडा झडतायत.

कधी कधी उलटं होतं, दातासमोर दात येतो आणि गिअर पडतच नाही. दांड्यावर जोर अजिबात लावू नका. न्यूट्रलमध्ये आणा, क्लच जरा सोडा, परत दाबा, आतलं थोडं फिरतं आणि गिअर बोटाने ढकलल्यासारखा पडतो. पण पाच-सात सेकंद थांबूनही दर वेळी खरखर होत असेल तर दोष गिअरबॉक्सचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडलचा फ्री प्ले बघा, म्हणजे पेडल हाताने दाबल्यावर किती अंतर ढिलं जातं ते. बऱ्याच मॉडेलला साधारण २० ते २५ मिलीमीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जास्त असेल तर क्लच सुटत नाही, अगदीच नसेल तर क्लच बेअरिंग सतत घासत राहतं आणि प्लेट स्लिप होते. पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर तीही त्याच बेअरिंगला खाते.

कामाला लागायच्या आधीच गिअर ठरवा. नांगर लावलाय, जमीन जड आहे, तर खालचाच टाका आणि त्यातच नांगरटीची ओळ पूर्ण करा, मध्येच बदलायला जाल तर ट्रॅक्टर उभाच राहणार. उताराला तर हे जिवाचं आहे. भरलेली ट्रॉली मागे असताना उतारावर न्यूट्रल केलं की परत गिअर पडेल ही आशा सोडा, वेग वाढतो आणि सिंक्रो नसल्यामुळे दात जुळतच नाहीत, मग सगळा भार त्या जुन्या ब्रेकवर. वरूनच लो गिअर टाकून उतरा, क्लच दाबूही नका.

स्टार्ट करतानाही दांडा हलवून न्यूट्रल आहे का ते हाताने बघा. फर्ग्युसन टीई२० मध्ये छान सोय होती, गिअरचाच दांडा स्टार्टच्या जागी नेल्यावर स्टार्टर फिरायचा, म्हणजे त्या दांड्याने गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चालू होणं शक्यच नाही. पण बाकी अनेक जुन्यांना असलं काही नसतं, त्यामुळे खाली उभं राहून स्टार्टरच्या टर्मिनलला पाना लावून ट्रॅक्टर चालू करायचा प्रकार कधीच नको, गिअरमध्ये असेल तर तो तुमच्या अंगावरून जाईल.

पीटीओबद्दल, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या फिरत्या शाफ्टबद्दल, नीट समजून घ्या. जुन्यांमध्ये पीटीओला ताकद गिअरबॉक्समधूनच जाते, क्लच दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्ही इंजिनापासून सुटतात. आता मागे गवत कापायचं रोटरी कटर असेल तर त्याची जड पाती फिरतच राहतात आणि उलट्या बाजूने शाफ्ट फिरवून ट्रॅक्टरला पुढे ढकलतात! मी पहिल्यांदा चालवलं तेव्हा क्लच दाबूनही ट्रॅक्टर कुंपणाकडे सरकतच गेला आणि ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागलं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. उपाय म्हणजे पीटीओ शाफ्टवर ओव्हररनिंग कपलर बसवणं, तो एकाच दिशेने ताकद देतो. डबल क्लचवाल्यात पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात आणि पूर्ण दाबलं की पीटीओ, पण गिअर बदलायला अर्धं पुरतं म्हणून पाय कायम अर्ध्यावरच ठेवून काम करू नका.

आता ऑईल, आणि माझ्या मते गिअरबॉक्स मरतो तो बहुतेक इथेच. वर्षातून एकदा तरी, ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना, ड्रेन प्लग हळूच ढिला करून बघा. माझ्या ट्रॅक्टरचा ढिला केला तर आधी ऑईल नाही, चक्क पाणी आलं, ग्लासभर तरी असेल, मागून चहासारखं दुधाळ ऑईल. पाणी जड म्हणून तळाला बसतं. कुठून आलं तर गिअरच्या दांड्याच्या फाटलेल्या रबरी बुटातून, पाऊस थेंबथेंब आत जात होता. बूट बदलला, ट्रॅक्टर झाकून ठेवायला लागलो, प्रश्न संपला. पूर्ण बदलताना मात्र ट्रॅक्टर अर्धा तास चालवून ऑईल गरम असताना काढा म्हणजे गाळही निघतो. फोर्ड ८एनला खाली तीन ड्रेन प्लग आहेत, एकच उघडलात तर जुनं ऑईल आत राहतंच. निघालेल्या ऑईलमधून चुंबक फिरवा, बारीक राखाडी चिखल चालतो, पण चमकणारे तुकडे किंवा दाताचा टवका आला तर ट्रॅक्टर बाजूला लावा.

नवीन टाकताना मॅन्युअल बघा. हायड्रॉलिक (अवजार उचलणारी यंत्रणा) आणि गिअरबॉक्सचं ऑईल एकच असेल तर ते दोघांनाही चालणारं हवं. निव्वळ ९० नंबर (ऑईलच्या घट्टपणाचा आकडा) म्हणून कुठलंही घेऊ नका, जीएल-५ या दर्जाच्या गिअर ऑईलमधली गंधकाची ॲडिटिव्ह पितळेच्या आणि कांशाच्या बुशला खाऊ शकतात.

ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर क्लच पेडल दाबून लाकडाचा ठोकळा लावा, नाहीतर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, चिकटते. बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, खाली भोक असतं, ते बुजवू नका, तिथून काय टपकतंय ते बोटावर घेऊन बघा. काळं, पातळ असेल तर इंजिनाचं मागचं सील, घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं.

लोड आला की गिअर आपोआप निसटतो ही तक्रार फार येते. लगेच गिअर बदलायला धावू नका, वरच्या झाकणाखालचे, गिअर जागेवर धरून ठेवणारे स्प्रिंग आणि बॉल आधी बघा, स्प्रिंग तुटलेला किंवा शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलेला असतो बऱ्याचदा. झाकण काढायच्या आधी वरची माती ब्रशने आणि डिझेलने साफ करा, नाहीतर ती सगळी आत पडते. परत बसवताना सगळे गिअर न्यूट्रलला आणि प्रत्येक फोर्क आपापल्या खाचेत बसलाय का बघा, चुकलं तर दोन गिअर एकदम पडून सगळं जाम होतं. खात्री करायची तर बाकी चाकांना नीट अडणी लावून मागचं एकच चाक जॅकवर उचला, पीटीओ बंद ठेवा, इंजिन बंद असताना हाताने फिरवा. न्यूट्रलला मोकळं फिरायला हवं आणि प्रत्येक गिअरमध्ये अडायला हवं. न्यूट्रलला अडलं तर स्टार्टरला हात लावू नका, झाकण परत काढा.