आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) समुपदेशक म्हणून रुजू होताय?

बीड, परभणीकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होणार असाल, तर रजिस्टरांची धास्ती घेऊ नका, ती जमतात. चाचणी तंत्रज्ञ करतो. पहिल्या किटवर रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्गाचा संशय दाखवणारं, आलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात. तिन्ही जुळेपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ शब्द तोंडातून काढायचा नाही.

खरी कसोटी चाचणीआधीच्या बोलण्यात. आपल्याकडे माणूस एकटा येत नाही. सोबत सासू, दीर, कधी ऊसतोडीचा मुकादमही. ‘घरचेच आहोत, आमच्यासमोरच सांगा.’ संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकाल फोडायचा नाही, हे 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आहे. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. पण सासूबाईंना कायदा ऐकवून त्या उठत नाहीत. ‘मावशी, केसपेपरवर तेवढा शिक्का मारून आणता का?’ म्हटलं की उठतात.

बायकांच्या बाबतीत जास्त सावध राहा. गरोदरपणात तपासणी होते, म्हणून घरातला पहिला निकाल पुष्कळदा तिचाच असतो आणि बोलही तिलाच लागतो. संसर्ग आधी कुणाला झाला, हे चाचणी सांगत नाही. नवऱ्याला बोलवायचंच, पण तिला विचारून, घरी काय होईल याचा अंदाज घेऊन. बाळाला लागण होऊ नये म्हणून औषधं आहेत, हे तिला त्याच बैठकीत सांगा.

‘एचआयव्हीबद्दल काय माहीत आहे?’ हा प्रशिक्षणातला प्रश्न. उत्तरादाखल मान खाली जाते. मी आधी विचारते, ‘यंदा ऊसतोडीला कोणत्या कारखान्यावर?’ गप्पा तिथून सुरू होतात. आणि हे विचारावंच लागतं. धोका नुकताच घडला असेल तर निगेटिव्ह निकालावर विसंबता येत नाही. विंडो पिरियड, म्हणजे लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा काळ, समजावून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतो. तेव्हा तो कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, सांगली-कोल्हापूरकडे उसात असतो. तिकडच्या सरकारी दवाखान्यातही चाचणी फुकट होते, हे सांगा. या फेरतपासणीची चिठ्ठी मात्र देऊ नका, कोपीत (मजुरांच्या झोपडीत) कुणाच्याही हाती लागते. 1097 हा हेल्पलाइन नंबर पाठ करून घ्या.

पॉझिटिव्ह आलेल्याला आता सीडी-फोर (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) घसरण्याची वाट न बघता गोळ्या सुरू होतात, त्याही मोफत. पण एआरटी केंद्राची (जिथे या गोळ्या मिळतात) चिठ्ठी दिली म्हणजे माणूस पोचला असं धरू नका, केंद्राला फोन लावा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी पुन्हा एकदा लावा: जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का, नाहीतर कारखान्याजवळचं केंद्र जोडून मिळेल का, हे तेव्हाच ठरवून घ्यावं लागतं.