पीसीचा एसएमपीएस खरंच गेलाय का, हे नीट कसं तपासायचं

पीसी चालू होत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला, एसएमपीएसची (पीसीला वीज देणारा डबा, म्हणजेच सप्लाय) हिरवी वायर काळीला शॉर्ट करा, म्हणजे तारेने जोडा, फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस ओके. अजिबात नाही! त्यातून फक्त सप्लाय सुरू होतो एवढंच कळतं, लोड आल्यावर, म्हणजे मशीन खरंच वीज ओढायला लागल्यावर, टिकतो का ते नाही, आणि खरा घोळ बरेचदा तिथेच असतो.

सॉकेट, पॉवर कॉर्ड, मागचं बटण बघून झालंय असं धरतो.

आधी जांभळी वायर. पीसी बंद पण मेन चालू, मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरवर जांभळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटरवर ५ व्होल्ट यायला हवेत. ४.७५ च्या खाली असेल किंवा आकडा नाचत असेल तर कनेक्टर मदरबोर्डवरून काढून परत मोजा, आता नीट आले तर आधी मदरबोर्डवर किंवा त्याला जोडलेल्या यूएसबीवर शॉर्ट शोधा, तरीही नाही आले तर सप्लायचा स्टँडबाय भाग (पीसी बंद असतानाही हे ५ व्होल्ट देणारा) गेलाय.

मग हिरवी-काळी टेस्ट, कनेक्टर काढलेला ठेवूनच. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने तार घालू नका, डायग्राम बघून १६ नंबरची पिन शोधा, हिरव्या वायरची पिन तीच.

आता खरं काम, लोडवर मोजणं. मी इथेच सगळ्यात जास्त अडकायचो. कनेक्टर मदरबोर्डमध्ये लावलेलाच ठेवायचा आणि वायर जिथून आत शिरते त्या मागच्या बाजूने प्रोब (मीटरच्या वायरीचं टोकदार टोक) सरकवायची. मीटरसोबतची जाड प्रोब आतल्या धातूपर्यंत पोचतच नाही, मग मीटर शून्य दाखवतो आणि आपण चांगला सप्लाय खराब ठरवून मोकळे. सुईसारखी बारीक प्रोब घ्या. काळी प्रोब क्लिपने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावून टाका म्हणजे एकच हात आत जाईल, दोन हातात दोन सुया धरून चालू मशीनमध्ये वाकायचं नाही, त्या एकमेकींना टेकल्या की मदरबोर्डही जाऊ शकतो.

पिवळीवर ११.४० ते १२.६०, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. पण एकदा आकडा बघून उठू नका. मीटरला मिनिमम-मॅक्सिमम मोड असेल तर तो लावा, प्रोसेसरच्या ८ पिनच्या कनेक्टरवर पिवळी पकडा आणि मशीनला जड काम द्या. स्थिर ११.८ ला घाबरायचं कारण नाही, पण रिकामं असताना १२.१ आणि लोड येताच ११.३ होऊन मशीन रिस्टार्ट, तर कनेक्टरची पिन जळलेली नाही ना एवढं बघा आणि सप्लाय बदला.

सगळे व्होल्टेज बरोबर, फॅन फिरतोय, डिस्प्ले मात्र नाही? राखाडी वायर बघा, ही कोणी सांगतच नाही. व्होल्टेज स्थिर झाले की सप्लाय या वायरवर ५ व्होल्टच्या आसपास देतो, ते येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. इथे शून्य असेल तर रॅम पुसत बसण्यात काही अर्थ नाही.

रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक, वेगवान चढउतार, मात्र मल्टिमीटरवर नीट कळत नाही. १२ व्होल्टवर मर्यादा १२० मिलीव्होल्टची, ते बघायला ऑसिलोस्कोपच (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो, नाहीतर सरळ दुसरा चांगला सप्लाय लावून बघा.

सप्लायचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. फुगलेले कपॅसिटर जाळीतून टॉर्च मारूनही दिसतात. फ्यूज उडालाय म्हणून तार घालायला सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका, मॉसफेट किंवा ब्रिज रेक्टिफायर (सप्लायच्या आतले पार्ट) शॉर्ट झाला की तो उडतो, तार घातली तर पुढचा स्फोटच.

नवीन सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, असेल तर जुन्याच्या केबल कितीही फिट बसल्या तरी वापरायच्या नाहीत, सप्लायकडच्या टोकाला प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्डडिस्क तिथेच संपते.