पुण्यातून बॉबस्लेकडे वळताना या चुका टाळा

हिवाळी ऑलिम्पिक पाहून बॉबस्लेकडे, म्हणजे स्लेड (बर्फावरची घसरगाडी) ढकलून तिच्यात उडी मारून बसत बर्फाच्या वळणदार उतारावरून शर्यत करण्याच्या खेळाकडे, वळू पाहणाऱ्या पुणेकर तरुणांची पहिली चूक तयारीतच होते. दर रविवारी सिंहगड चढणारा काटक मुलगा या खेळाला आपोआप योग्य ठरेल, असे अनेकांना वाटते. परंतु स्लेड ढकलण्याचा सारा खटाटोप जेमतेम 50 मीटरचा आणि साधारण 5 सेकंदांचा असल्यामुळे येथे दमसासापेक्षा क्षणात एकवटणारी ताकद लागते. गड अवश्य चढावा, पण तयारी म्हणून बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर 30 मीटरच्या जोरकस धावा आणि खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठका अधिक कामी येतात.

जिममधील (जमिनीवर ढकलायच्या) स्लेडवर भरमसाट वजन लादून ती रेटत राहणे ही त्याहून फसवी चूक आहे, कारण त्यातून मेहनत केल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात पहिला धक्का बसताच स्लेड बर्फाच्या उतारावर स्वतःच वेग घेते आणि तिच्याबरोबर पळत राहणे हेच अवघड होऊन बसते. ज्याची पावले मागे पडतात तो दांड्याला लोंबकळू लागतो, म्हणजेच स्लेड पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढतो. असे होत असेल, तर वजन उतरवावे आणि आखूड, जलद पावलांचा सराव करावा. सुरुवातीला गमावलेला वेळ तळाशी पोहोचेपर्यंत सुमारे तिप्पट होतो, असे प्रशिक्षक मानतात; आणि 1998 मध्ये नागानो येथे दोघांच्या स्पर्धेत चार फेऱ्यांनंतरही कॅनडा व इटली यांची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखीच राहून सुवर्णपदक विभागून द्यावे लागले होते.

वजन वाढवले की वेग वाढतो, हे अर्धसत्य आहे. पुरुषांच्या चौघांच्या स्लेडला खेळाडूंसह 630 किलोची, तर दोघांच्या स्लेडला 390 किलोची मर्यादा आहे. शिवाय सुटलेल्या पोटाचे वजन ढकलताना उपयोगी पडत नाही.

चालकाचे शिक्षण मात्र परदेशातच घ्यावे लागते, कारण भारतात बॉबस्लेचा ट्रॅक नाही. पुढच्या रनरना (स्लेडखालच्या पोलादी पट्ट्यांना) जोडलेल्या दोऱ्या वळणावर जोराने ओढणे ही नवख्या चालकाची नेहमीची चूक; त्याने स्लेड घसरते आणि वेग मरतो. ओढ हलकी हवी, आणि त्यासाठी ट्रॅक आधी पायी फिरून वळणे पाठ करावीत. भीती वाटली म्हणून मागच्या खेळाडूने ब्रेक ओढणे तर सर्वथा टाळावे, कारण त्याचे दाते बर्फ खरवडतात. तो अंतिम रेषेनंतरच वापरायचा असतो.

स्लेड उलटल्यास बाहेर पडण्याची धडपड करू नये. डोके आत घेऊन, दांडा घट्ट धरून ती थांबेपर्यंत आतच राहावे. उलट्या स्थितीतही सर्व खेळाडूंसह तिने रेषा ओलांडली, तर त्या फेरीची वेळ ग्राह्य धरली जाते.