ख्रिस्ती धर्मविचारावर प्रबंध लिहिताय? मग या चुका टाळा

मे महिना आला की माझ्या टेबलावर प्रबंधांची चळत चढते. बाइंडिंगवाल्याला अप्पा बळवंत चौकात सोमवारी द्यायचं असतं आणि माझ्याकडे शुक्रवारी संध्याकाळी येतात. ‘‘काकू, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा.’’ मी ऱ्हस्व-दीर्घ बघायलाच बसते, पण तिसऱ्या पानावर असं काही दिसतं की पेन्सिल थांबते. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स, पंडिता रमाबाई, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, झालंच तर पुण्यातली चर्चेस, हे विषय मराठीची, इतिहासाची आणि तत्त्वज्ञानाची मुलं आवडीने घेतात. घ्यावेतच. पण वीसेक वर्षं त्याच त्या चुका खोडून माझी पेन्सिल झिजली आहे, म्हणून एकदा लिहून टाकते.

सगळ्यात लाडकी चूक आधी. ‘निष्कलंक गर्भसंभव’ म्हणजे येशूचा कुमारीच्या पोटी झालेला जन्म, असं दहातले आठ जण धरून चालतात. तसं नाही. निष्कलंक गर्भसंभव हा मरियेचा, म्हणजे येशूच्या आईचा. मरिया तिच्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून आदिपापाच्या, म्हणजे आदाम-हव्वेपासून सगळ्या माणसांना चिकटलेल्या पापाच्या, डागापासून मुक्त होती, अशी ही कॅथलिक शिकवण आहे. मरियेला आईवडील होते आणि तिचा जन्म चारचौघींसारखाच झाला, याबद्दल कुणाचा वाद नाही. येशूचा कुमारीच्या पोटी जन्म ही वेगळी गोष्ट. ती मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, आहे आणि कॅथलिक, प्रॉटेस्टंट दोघेही ती मानतात.

तत्त्वज्ञानाच्या एका मुलाने यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं, अडतीस पानांचं. निष्कलंक गर्भसंभव आणि कुंतीला झालेला कर्ण, यांची तुलना. भाषा छान, महाभारत पक्कं वाचलेलं. फक्त ज्याची तुलना करायची ते भलतंच. मी सांगितलं तर त्याला पटेना. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चचं नावच निष्कलंक गर्भसंभवाचं आहे, तिथे आपण स्वतः जाऊन आलो, मूर्तीचा फोटोही काढलाय, म्हणाला. मूर्ती कुणाची, विचारलं. ‘‘मरियेची.’’ हातात बाळ आहे का? तो मोबाइल काढून फोटो मोठा करून बघायला लागला.

मी वाद घालत बसले नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, हा सण आठ डिसेंबरला असतो. नाताळ पंचवीसला. सतरा दिवसांत बाळ झालं का रे? तो गप्प. आता आठ डिसेंबरपासून नऊ महिने मोज. आठ सप्टेंबर. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा कधी भरते? त्याच सुमाराला, कारण तो मरियेचा जन्मदिवस. आणि येशूचा गर्भसंभव हवा असेल तर पंचवीस डिसेंबरपासून नऊ महिने मागे जा. पंचवीस मार्च, देवदूताने मरियेला निरोप दिला तो दिवस. सगळा हिशेब कॅलेंडरात मांडून ठेवलेला असतो, बोटांवर मोजता येतो. तेव्हापासून गर्भ आणि जन्म हे शब्द जवळजवळ दिसले की मी आधी तारखा मोजते. ही काही संशोधनपद्धती नव्हे, माझी खोड आहे, पण तिने मला अजून दगा दिलेला नाही.

गोष्ट तिथेच संपली नाही. चार दिवसांनी तो सुधारलेलं प्रकरण घेऊन आला, त्यात नवी चूक. ही शिकवण नवव्या पायस पोपने १८५४ साली जाहीर केली, सिटी चर्चला जागा मिळाली सवाई माधवरावांच्या काळात १७९२ साली, म्हणून ‘चर्चचे नाव नंतर बदलले असले पाहिजे’. असले पाहिजे! हे दोन शब्द प्रबंधात दिसले की माझं डोकं तडकतं. ठराव झाला त्या दिवशी विचार जन्माला येत नाही. या मुद्द्यावर तेराव्या शतकात थॉमस अक्वायनससारखा धर्मपंडित अडखळला होता, त्याच्यानंतर डन्स स्कोटसने बाजू मांडली, चौथ्या सिक्स्टस पोपने १४७६ साली या सणाला मान्यता दिली. १८५४ साली झालं ते एवढंच की आता हे मानायचं की नाही असा पर्याय कॅथलिकांना उरला नाही. प्रॉटेस्टंट ते आजही मानत नाहीत, तेव्हा ना. वा. टिळकांच्या कवितेत ते शोधत बसू नका.

असाच गोंधळ निकायाच्या परिषदेबद्दल, म्हणजे बिशपांच्या पहिल्या मोठ्या सभेबद्दल. ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन बायबलची पुस्तकं ठरवली, हे वाक्य मी दरवर्षी खोडते. निकायात वाद होता तो एरियस नावाच्या धर्मगुरूशी: पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याच्याच, म्हणजे देवाच्याच, तत्त्वाचा, की निर्माण केलेला? बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत हा विषय तिथे नव्हता. नव्या कराराची आज आहेत तीच सत्तावीस पुस्तकं एका यादीत नीट दिसतात ती बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. चर्चमध्ये निकायाचा म्हणून म्हणतात तो विश्वासांगीकार, म्हणजे ‘आम्ही हे मानतो’ असं सांगणारा मजकूर, आजच्या रूपात ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेचा मानतात. असलं मतदान रंगवणाऱ्या थरारक कादंबऱ्या वाचा, पण तळटीपेत आणू नका.

दुसरी लाडकी चूक संदर्भसूचीतली. एक मुलगी स्कूटरवरून हेल्मेटसकट घरात आली, कारण तिला अर्ध्या तासात निघायचं होतं. विषय ख्रिस्तपुराण. सूचीत पहिलीच नोंद: स्टीफन्स, ख्रिस्तपुराण, रायतूर, १६१६. खाली पृष्ठक्रमांकसुद्धा. मी विचारलं, ही कुठे पाहिलीस गं? ‘‘लायब्ररीत असेलच ना, काकू.’’ म्हटलं, मिळाली तर मलाही बोलाव, मी रिक्षा करून येते.

कारण १६१६ची छापील प्रत आज कुठेच ज्ञात नाही. १६४९ आणि १६५४ सालीही ग्रंथ पुन्हा छापला गेला, त्या प्रतीही नाहीत. आपण सगळे वाचतो ते पुढचं: मंगळूरला १९०७ साली जोसेफ साल्ढाणांनी रोमन लिपीत काढलेली आवृत्ती, किंवा पुण्यातच १९५६ साली शांताराम बंडेलूंनी काढलेली देवनागरी. शिवाय लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखित आहे, मार्सडेन संग्रहातलं. तिने १९५६च्या आवृत्तीतून उद्धृत केलेलं पान कुणाच्या तरी लेखातून उचललं, त्या लेखकाने आणखी कुणाच्या, आणि उचलता उचलता साल मागे सरकत १६१६ला जाऊन टेकलं.

‘‘साल चुकलं तर एवढं काय?’’ असं तिने विचारलंच. तिचा मुद्दा होता की स्टीफन्सने पोर्तुगीज शब्द टाळून संस्कृत शब्द किती वापरले. त्यासाठी तिने शब्द मोजून तक्ता केला होता. मूळ ग्रंथ छापला होता रोमन लिपीत, आणि त्या परंपरेत पोर्तुगीज शब्द जागोजाग आहेत. लंडनच्या हस्तलिखितात त्यांच्या जागी अनेक ठिकाणी संस्कृत शब्द येतात. म्हणजे कोणती प्रत समोर धरली यावर तिचा अख्खा तक्ता उलटा होत होता. हेल्मेट काढून ती खाली बसली. दोन तास बसली. (आणि हो, ख्रिस्तपुराण म्हणजे बायबलचं भाषांतर नव्हे. बायबलमधली कथा ओवीत, पुराणाच्या घाटात सांगितलेली आहे. ‘अनुवादक स्टीफन्स’ असं लिहू नका.)

माझी सवय सांगते. जे पुस्तक मी स्वतः हातात धरलेलं नाही, त्याच्या नोंदीपुढे लाल टिंब. टिंब असलेली नोंद ‘अमक्याच्या ग्रंथात उद्धृत’ असं लिहूनच सूचीत जाते. लाज वाटते म्हणून मुलं हे टाळतात. खोटे पृष्ठक्रमांक लिहिताना मात्र वाटत नाही.

आता शब्दांचं. ओळखीचा शब्द दिसला की घाईचा माणूस पुढे पळतो, आणि इथेच पाय घसरतो. ‘प्रायश्चित्त’ घ्या. १८९०चा पंचहौद मिशनमधला, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेला, चहा पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतो. त्या पेल्यापायी ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. म्हणजे चहा प्यायला त्याने प्रायश्चित्त घ्यायचं. आता मराठी बायबलमध्ये योहानाचं पहिलं पत्र काढा, दुसरा अध्याय, दुसरं वचन. तिथे येशूबद्दल म्हटलंय की तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. घेतो नाही, देतो नाही, *आहे*. पाप एकाचं आणि प्रायश्चित्त म्हणजे दुसरा एक माणूसच. या एका क्रियापदावर प्रकरण उभं राहील, पण शब्द माहितीचा म्हणून कुणी तिथे थांबत नाही. ‘तारण’चंही तेच. बँकेत गहाण ठेवतात ते तारण आणि चर्चमध्ये ऐकू येतं ते, पापातून सुटकेचं, तारण, दोन्ही मराठीच. आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही त्रिमूर्ती नव्हे. उत्पत्ती, स्थिती, लय अशी खाती इथे तिघांत वाटलेली नाहीत.

मोबाइलवर भाषांतर करून चिकटवणाऱ्यांशी मी फारसं बोलत नाही. एका पानावर कॅथलिक लोक दर रविवारी ‘वस्तुमानाला’ जात होते. इंग्रजीतला ‘मास’ म्हणजे इथे चर्चमधली उपासना. मिस्सा, बाबांनो, मिस्सा. ल्यूथरच्या ‘जस्टिफिकेशन’चं ‘समर्थन’ झालं होतं. मराठी बायबलमध्ये त्याला ‘नीतिमान ठरणे’ असे सरळ शब्द आहेत. हे कळायला फार कष्ट नाहीत. नगर रस्त्यावर कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे, तिथली पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, १९५५ साली थेट श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. बिबवेवाडीत यवतमाळहून आलेली प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. एकच शब्द दोन्हीकडे विचारून या. उत्तरं जुळली नाहीत तर समजा विषय सापडला. पण मुलांना तिथे पाऊल टाकायची धास्ती वाटते आणि पीडीएफची वाटत नाही.

बारीकसारीक उरलेलं. नुसतं ‘टिळक’ लिहू नका. माझ्याकडच्या एका प्रबंधात लोकमान्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला होता. ना. वा. टिळकांना ‘फादर’ म्हणू नका, ते प्रॉटेस्टंट, म्हणून रेव्हरंड, शिवाय लक्ष्मीबाईंचे यजमान. ‘बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत’ असं लिहिण्यापूर्वी कुणाच्या बायबलमध्ये ते बघा, कॅथलिकांकडे ७३ आहेत.

आणि स्तोत्रांचे क्रमांक. हिब्रू क्रमाने जे तेविसावं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणणारं, ते जुन्या लॅटिन बायबलमध्ये बाविसावं. परवा आलेल्या प्रबंधात लॅटिनमधल्या बाविसाव्याची आणि मराठीतल्या तेविसाव्याची सहा पानं तुलना होती. निष्कर्ष असा की दोन्ही स्तोत्रांत मेंढपाळाची प्रतिमा आढळते, हे साम्य विलक्षण आहे.