ऑनलाइन थेरपी जमत नाहीये? आधी या चुका टाळा

दोन-तीन सेशन झाली की अनेकांचं मत ठरून जातं: 'स्क्रीनवर काही होत नाही.' खोलात गेलं की बहुतेकदा कळतं, बसायची जागा चुकलेली असते किंवा थेरपिस्टला सांगायला हवं ते सांगितलेलंच नसतं.

कोणी ऐकेल अशा जागी बसणं

दाराबाहेर कोणी आहे अशी नुसती शंका असली तरी माणूस जपून बोलतो आणि ज्या नात्याबद्दल बोलायचं तेच वगळतो. हेडफोन लावला म्हणजे झालं, असं समजू नका. हेडफोनने थेरपिस्टचा आवाज झाकला जातो, तुमचा नाही. पंखा किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज लावायचा तर दाराच्या बाहेरच्या बाजूला लावा. खोलीत लावलात तर तो तुमच्याच माईकमध्ये शिरतो. उभ्या गाडीत बसून बोललेलं चालतं, गाडी चालवताना अजिबात नाही.

प्रकाश समोरून येऊ द्या. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो आणि थेरपिस्टला तुमच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही. स्क्रीनवरची स्वतःची चौकट लपवून टाका, नाहीतर रडू आलं की लक्ष आधी तिकडेच जातं.

कॉल तुटल्यावर काय, हे न ठरवणं

अवघड वाक्याच्या मधोमध कॉल तुटला की तुम्हाला वाटतं समोरच्याने ठेवला, आणि तिकडे वाटतं तुम्ही उठून गेलात. पुन्हा कॉल कोणी करायचा, किती मिनिटं वाट पाहायची, साधा फोन कोणत्या नंबरवर, हे पहिल्याच सेशनमध्ये ठरवा. नेट अडखळत असेल तर व्हिडिओ बंद करून फक्त आवाजावर बोला. आवाज उशिरा पोचला की साधा विरामही नाराजीसारखा वाटतो.

मोठी गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत काढणं

सेशन साधारण 45 ते 50 मिनिटांचं असतं. चाळीस मिनिटं ऑफिसबद्दल बोलून उठता उठता 'तसं, आम्ही वेगळं व्हायचं म्हणतोय' असं सांगितलं, तर त्याचं काहीच करता येत नाही. हे भीतीपोटी होतं आणि थेरपिस्टला त्याची सवय असते. सुरुवातीलाच एवढं म्हणा: 'आज एक अवघड गोष्ट आहे, मी टाळायला लागलो तर विचारा.' सेशननंतर 10-15 मिनिटं मोकळी ठेवा. ऑनलाइनमध्ये क्लिनिकहून घरी परतण्याचा वेळ मिळत नाही, लॅपटॉप मिटला की लगेच पुढची मीटिंग उभी असते.

जोडीने येताना

एकाच खोलीत दोन उपकरणांवरून जोडलात तर आवाज घुमतो. एकच स्क्रीन घ्या आणि दोघांचे चेहरे व हात दिसतील इतकं मागे बसा. कोण कधी तोंड फिरवतं, हात काढून घेतं, हे थेरपिस्टला दिसणं महत्त्वाचं. वेगवेगळ्या खोल्यांत असाल तर दोघांनीही हेडफोन लावा.

थेरपिस्टला एकट्याने मेसेज करून गुपित सांगणं ही फार होणारी चूक. काही थेरपिस्ट असं गुपित जोडीदारापासून राखत नाहीत, काही मर्यादेत राखतात. त्यांचा नियम काय, हे दोघांनी आधीच विचारून घ्या. तिसऱ्या माणसाने निवाडा द्यावा म्हणून येणारी जोडपीही लवकर निराश होतात.

घरात मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल तर मात्र जोडीची थेरपी सुरू करू नका. सेशनमध्ये बोललेल्याचा राग नंतर घरी निघतो. आधी एकट्याने मदत घ्या, तीही जोडीदार उघडू शकणार नाही अशा फोनवरून. सामायिक ईमेल किंवा कॅलेंडरवर येणारी सेशनची आठवणही तपासा.

पटत नसताना मान डोलावणं

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपीतल्या सहकार्याचे तीन भाग मांडले: ध्येय, त्यासाठी करायचं काम आणि परस्परांतला विश्वास. तिसऱ्या-चौथ्या सेशनला हेच तीन तपासा. 'हा गृहपाठ मला निरर्थक वाटतो' असं स्पष्ट सांगा. चांगला थेरपिस्ट दुखावत नाही, पद्धत बदलतो. सांगूनही काही हललं नाही तर थेरपिस्ट बदला, पण गप्प गायब होण्यापेक्षा एक शेवटचं सेशन घ्या आणि पुढच्या थेरपिस्टसाठी थोडक्यात टिपण मागा.

ठिकाण लपवणं

'आज कुठून बोलताय?' हा प्रश्न चौकशीचा नसतो. अचानक संकट आलं तर मदत कुठे पाठवायची, हे थेरपिस्टला माहीत हवं. शिवाय अनेक ठिकाणी परवाना प्रदेशापुरता असतो, म्हणून परगावी जाण्याआधी कळवा. ॲपमधल्या चॅटला उत्तर काही तासांनीही येऊ शकतं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर चॅटवर थांबू नका, आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन करा.