बीच व्हॉलीबॉलची स्पर्धा निवडताना आधी तिथी बघा

सोसायटीच्या कोर्टवर बरं खेळता आणि आता वाळूत उतरायचंय ना? उतरा. फक्त पोस्टर आवडलं म्हणून लगेच एन्ट्री फी भरू नका.

टीम किती जणांची, हे आधी विचारा. दोघांची असेल तर नवख्यांनी नादी लागू नये. आठ बाय आठ मीटरची बाजू दोघांनीच सांभाळायची, बदली खेळाडू नाही, बोटांनी चेंडू हलकेच पलीकडे टाकणं (टिप) चालत नाही आणि ब्लॉकला लागलेला चेंडूही तीन टचमधला एक धरतात. चौघांची मिक्स स्पर्धा शोधा. तीही लीग असेल तरच. नॉकआउटसाठी ठाण्याहून अलिबाग गाठायचं आणि एक मॅच हरून परतायचं, यात कसली मजा?

आता भरतीचं. याबद्दल आयोजक अवाक्षर काढत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, मग पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा, आणि वर उधाण. म्हणजे सकाळी ओहोटीत आखलेलं कोर्ट ऐन सामन्यांच्या वेळी पाण्यात. एका स्पर्धेत आम्ही असेच नेट गुंडाळून दुपारभर वडापाव खात बसलो. पाणी उतरल्यावर त्याच ओल्या, फरशीसारख्या कडक वाळूवर खेळ सुरू. डाइव्ह मारली की गुडघा सोलून निघायचा. नियमाप्रमाणे वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल आणि मऊ हवी. कोर्ट भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत आहे का, याचा फोटो मागा. देत नसतील तर सरळ नाही म्हणा. अष्टमीच्या आसपासचा रविवार मिळाला तर सोनं: भांग (लहान भरती) असतो, पाणी फार चढत नाही, दुपारी बाराला ओहोटी. उन्हाने पाय भाजतात, मोजे घाला.

जिल्हा पातळीवरचा एखादा 'पाहुणा' टीममध्ये घेऊ नका. कप येईलही, पण चेंडू तुमच्या हाती लागणार नाही. महागड्या शिबिरांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही.

घाबरू मात्र नका, पहिले दोन-तीन रविवार वाळूत उडी कमीच लागते, सगळ्यांचीच. उरणपर्यंत २०२४ पासून लोकल जाते, तिथून पिरवाडीचा किनारा जवळ. चौघं मिळून जा, नेहमीचा चेंडू असेल तर हवा थोडी कमी करा.