जुन्या मोटारसायकलीतील ‘ठक्‌’ आवाजाचा माग

जुन्या मोटारसायकलीतून अचानक ‘ठक्‌’ असा आवाज येऊ लागला, तरी लगेच इंजिन उघडण्याची घाई करू नये; पुष्कळदा दोष इंजिनाबाहेरच्या एखाद्या सैल जोडात असतो. आवाज खड्ड्यातून जाताना येतो, ब्रेक लावताना येतो की ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळताना, एवढे नीट टिपले की निम्मे काम झाले.

ब्रेक लावताना येत असल्यास पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे रेटावी आणि दुसऱ्या हाताचे बोट हँडलखाली, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) जिथे चेसीत बसतो, त्या फटीवर ठेवावे. तेथे बारीकशी हालचाल जाणवली, तर कोनसेट सैल आहे. ही गोष्ट कानापेक्षा बोटाला आधी कळते.

ॲक्सिलरेटरशी निगडित आवाजासाठी इंजिन बंद करून गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी चेनची ढिलाई मोजावी, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. अनेक गाड्यांत ही ढिलाई २५ ते ३५ मिलिमीटर ठेवतात, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. चेन ठीक असेल, तर गिअर टाकून चाक मागेपुढे झटकावे: स्प्रॉकेट (चेन जिच्यावर बसते ती दातेरी चकती) जागीच राहून चाक बरेच हलत असेल, तर हबमधील, म्हणजे चाकाच्या मध्यभागातील, धक्का झेलणारे रबर संपले आहेत.

खड्ड्यातल्या आवाजासाठी मागचे चाक आडवे हलवून स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या भागाचे) बुश, म्हणजे सांध्यातील नळीसारखे तुकडे, तपासावेत. इंजिन चेसीला धरून ठेवणारे माउंटिंग बोल्ट आणि स्टँडची स्प्रिंग मात्र सर्वांत आधी पाहिली, तरी हरकत नाही.